‘तुमचा क्रोम जुना झाला आहे’ : खोट्या अपडेटचा सापळा आणि आपला सीमाभाग



आधी आमच्या कार्यालयातला एक प्रसंग सांगतो. साहित्य संमेलनाच्या पत्रिकेचे काम चालू होते. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते कार्यालयातल्या संगणकावर जुन्या वक्त्यांची माहिती शोधत होते. गूगलवर शोधता शोधता ते एका ओळखीच्या संस्थेच्या संकेतस्थळावर गेले. पान उघडते न उघडते तोच त्याच्या जागी क्रोमचे रंगीत चिन्ह आले आणि खाली मजकूर दिसला : आपण क्रोमची जुनी आवृत्ती वापरत आहात, पान पाहण्यासाठी अपडेट करा. त्याखाली निळे बटण होते. त्यांनी ते दाबले आणि एक फाइल उतरली. ती उघडणार इतक्यात, शेजारी वर्गणीच्या पावत्या लिहीत बसलेली अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “काका, थांबा. क्रोम असं अपडेट मागत नाही.”

फाइल उघडली गेली नाही, म्हणून निभावले. पण त्याच संगणकावर सभासदांची यादी, सगळ्यांचे फोन क्रमांक आणि मंडळाच्या बँक खात्याचे व्यवहार आहेत. ती मुलगी त्या दिवशी तिथे नसती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही सगळ्यांनीच नंतर केला.

त्या कार्यकर्त्यांचे चुकले काय, असा प्रश्न बैठकीत आला. खरे सांगायचे तर फारसे काही चुकले नव्हते. अनोळखी संकेतस्थळावर जाऊ नका, असे आपण घरोघरी सांगतो. ते अनोळखी ठिकाणी गेलेच नव्हते. हे संकट ओळखीच्या दारातून आले, आणि या फसवणुकीची खरी ताकद त्यातच आहे. म्हणून आपला जुना सल्ला आता अपुरा पडतो. तो बदलायला हवा, यासाठी हा लेख.

हे घडते कसे?

हल्लेखोर आधी एखादे खरे, चालू संकेतस्थळ फोडतात. ते शाळेचे असेल, दवाखान्याचे, देवस्थानाचे किंवा छोट्या वृत्तपत्राचे. अशी बरीचशी संकेतस्थळे वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर चालतात आणि त्यातली प्लगइन वर्षानुवर्षे कोणी अद्ययावत करत नाही. त्या फटीतून, किंवा चोरलेल्या पासवर्डने, आत शिरून पानात काही ओळींचा कोड घातला जातो. पान दिसायला पूर्वीसारखेच राहते.

पाहुणा आला की हा कोड त्याला पारखतो. संगणक विंडोजचा आहे का, माणूस गूगलवरून आला आहे का, आधी येऊन गेला आहे का, हे पाहतो आणि सावज योग्य वाटले तरच खोटे पान दाखवतो. क्रोम वापरणाऱ्याला क्रोमचे, फायरफॉक्स वापरणाऱ्याला फायरफॉक्सचे. पुष्कळदा एका माणसाला ते एकदाच दिसते. त्यामुळे संस्थेचे लोक स्वतः तपासायला जातात तेव्हा त्यांना काहीच आढळत नाही, आणि तक्रार करणाऱ्यालाच भास झाला असेल असे सगळे धरून चालतात.

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात ही पद्धत ‘सॉकगोलिश’ किंवा ‘फेकअपडेट्स’ या नावांनी ओळखली जाते. २०१७-१८ च्या सुमारापासून ती चालू आहे. उतरणारी फाइल बहुधा झिप असते आणि तिच्या आत जावास्क्रिप्टची छोटीशी फाइल असते. तिच्यावर दोनदा क्लिक केले की विंडोज ती थेट चालवते. समोर काहीच घडल्यासारखे दिसत नाही, पण आतून संगणकाची माहिती बाहेर जाऊ लागते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जातात. आपण ज्या खात्यांत लॉगिन करून ठेवलेले असते त्या लॉगिनच्या खुणाही जातात. त्या हाती लागल्या तर हल्लेखोराला आपल्या ईमेलमध्ये शिरायला ओटीपीचीही गरज उरत नाही. पुढे हाच प्रवेश खंडणीखोर टोळ्यांना मिळतो. २०२० च्या जूनमध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीने अमेरिकेतल्या किमान ३१ संस्थांवरचा खंडणी-हल्ला उघड केला होता. त्याची सुरुवात फोडलेल्या संकेतस्थळांवरच्या अशाच खोट्या अपडेटने झाली होती.

फाँटची आठवण

आपल्यासारख्या मराठी वाचकांनी याच जातीचा आणखी एक प्रकार मुद्दाम लक्षात ठेवावा. २०१७ च्या सुरुवातीला फोडलेल्या काही संकेतस्थळांवर क्रोम वापरणाऱ्यांना सगळी अक्षरे विस्कटलेली दिसू लागली. सोबत निरोप यायचा : ‘होफ्लरटेक्स्ट’ नावाचा फाँट आपल्याकडे नाही, तो उतरवून घ्या. फाँट म्हणून जे उतरायचे ते घातक सॉफ्टवेअर असायचे.

इंग्रजी वाचकाला हा निरोप विचित्र वाटला असेल. आपल्याला वाटला नसता. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्र इंटरनेटवर वाचायचे म्हणजे त्या वृत्तपत्राचा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पानभर चौकोन आणि चिन्हे दिसत. परगावी राहणाऱ्या आपल्या मुलांनी घरी फोन करून ‘फाँट कुठून घ्यायचा’ विचारल्याच्या आठवणी अनेक घरांत असतील. पान वाचण्यासाठी काहीतरी उतरवून घ्यायचे, ही सवय आपल्या पिढीला गरजेपोटी लागली. आज तिची गरज नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही लिपी आता फोनमध्ये आणि संगणकात आधीपासूनच असतात. वाचण्यासाठी फाइल उतरवायला सांगणारे पान दिसले की ते बंद करावे.

बटणाऐवजी कळा दाबायला लावणारे पान

लोक फाइल उघडायला बिचकू लागले, तेव्हा हल्लेखोरांनी पद्धत बदलली. २०२४ पासून ‘क्लिकफिक्स’ नावाचा प्रकार पसरला आहे. पान म्हणते, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, किंवा ब्राउझरमधली चूक दुरुस्त करा. मग पायऱ्या सांगते : विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पान उघडताना किंवा त्यावरचे बटण दाबताना एक आज्ञा गुपचूप आपल्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांनी आपणच आपल्या हाताने ती आज्ञा संगणकाला देतो. खरी ‘मी यंत्रमानव नाही’ची चाचणी चित्रे निवडायला किंवा चौकोनात खूण करायला सांगते. विंडोजची कळ दाबायला ती कधीच सांगत नाही.

मोबाइलवरचे रूप आणि दोन राज्यांची चलाने

आपल्यापैकी बहुतेकांचा संगणक म्हणजे हातातला फोन. तिथेही खोटे अपडेट आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘ब्रोकवेल’ नावाचे अँड्रॉइडवरचे घातक सॉफ्टवेअर सापडले. क्रोमच्या अपडेटचे हुबेहूब पान दाखवून ते फोनमध्ये शिरत होते, आणि शिरल्यावर दूर बसलेला माणूस तो फोन चालवू शकत होता.

आपल्याकडे मात्र याची भावंडे जास्त दिसतात, तीही व्हॉट्सॲपवर. ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी एपीके फाइल येते. ती उघडली की फोन एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो आणि त्यानंतर बँकेचे ओटीपी परस्पर बाहेर जातात.

सीमाभागात हे चलान जास्त खरे वाटते, याचे कारण आपल्या रोजच्या जगण्यात आहे. निपाणीच्या घरासमोर केए २३ ची मोटार असते आणि शेजारी कोल्हापूरच्या पाहुण्यांची एमएच ०९. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलते. कुठल्या राज्याच्या कुठल्या कॅमेऱ्याने आपल्याला टिपले असेल, सांगता येत नाही. जमिनीचेही तसेच. एक तुकडा इकडे असला तर त्याचा आरटीसी उतारा कर्नाटकच्या भूमी संकेतस्थळावर, कागलकडे दुसरा असला तर सातबारा महाराष्ट्राच्या महाभूलेखवर. दोन राज्यांची कार्यालये, दोन भाषांतले अर्ज आणि वर इंग्रजीतल्या सूचना. कन्नड अर्ज कळत नाही म्हणून आपण गूगलवर शोधतो आणि मधल्याच कुठल्यातरी पानावर जाऊन पोहोचतो. समोरची सूचना पूर्ण न वाचता ‘ओके’ दाबण्याची सवय आपल्याला अशी लागली आहे. आळशीपणाला दोष देणे सोपे आहे, पण इथे परक्या भाषेत सतत वावरण्याचा थकवाही आहे, हे मान्य करायला हवे.

खरे अपडेट कुठे असते?

आता मुद्द्याची गोष्ट. कोणतेही संकेतस्थळ आपला ब्राउझर अपडेट करत नाही. ब्राउझर स्वतःच स्वतःला अपडेट करतो. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवले तर निम्मे काम झाले.

क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. त्यात हेल्प आणि मग अबाउट गूगल क्रोम उघडा. आवृत्ती जुनी असेल तर तिथेच नवी आपोआप येते, आणि आपल्याला फक्त रीलाँचचे बटण दाबायचे असते. अपडेट थांबून राहिले असेल तर त्याची आठवणही त्याच तीन ठिपक्यांपाशी दिसते, पानाच्या मधोमध नाही. फायरफॉक्समध्ये मेन्यू, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. एजमध्ये सेटिंग्जच्या आत अबाउट. अँड्रॉइड फोनवर फक्त प्ले स्टोअर. आयफोनवर सफारीचे अपडेट फोनच्या स्वतःच्या अपडेटबरोबर येते. यांपैकी कशातही झिप किंवा एपीके फाइल उघडावी लागत नाही.

या भीतीने अपडेट करणेच सोडू नका. खरी अपडेट आपल्या रक्षणासाठीच असतात. पान अपडेट मागत असेल तर ते बंद करा, आणि वरच्या मार्गाने स्वतः जाऊन पाहा. आवृत्ती चालू असेल तर ते पान खोटे होते, हे तिथेच सिद्ध होते.

जुन्या संगणकांबद्दल एक सूचना. काही दुकानांत, संस्थांत आणि घरांत अजून विंडोज ७ चालते. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. २०२३ नंतर पुढची येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा संगणकावर ‘आता अपडेट मिळणार नाही’ अशी खरी सूचनाही दिसू शकते. पण खरी सूचना फक्त माहिती देते, फाइल हातात देत नाही. असा संगणक बँकेच्या कामाला वापरू नये.

हात लागलाच तर

नुसते पान उघडले असेल तर घाबरू नका. टॅब बंद करा. पडदा अडकून बसला असेल तर ऑल्ट आणि एफ-४ दाबा. नाहीच जमले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तो पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका. पडद्यावर मदतीसाठी फोन क्रमांक दिला असेल तर त्यावर फोन करू नका.

फाइल उतरली, पण उघडली नसेल तर डाउनलोड्समधून ती काढा आणि रीसायकल बिनही रिकामे करा.

फाइल उघडली असेल किंवा त्या कळा दाबल्या असतील तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि सर्व उपकरणांवरून साइन आउट करा. बाकी सगळ्या खात्यांची दारे ईमेलमधून उघडतात, म्हणून तो पहिला. त्यानंतर बँकेचे पासवर्ड. संगणक जाणकाराकडून तपासून घ्या; महत्त्वाचे काम त्यावर होत असेल तर विंडोज नव्याने घालणे हाच खात्रीचा उपाय. फोनमध्ये एपीके घातली गेली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, ते ॲप काढा, आणि निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणेही तपासा.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० ला आणि दुसरा बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार लवकर झाली तर वाटेत कुठेतरी ते गोठवता येतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम केला होता की चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे. तक्रारीनंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न हमखास येतो. घर निपाणीत, सिमकार्ड महाराष्ट्रातले, खाते कोल्हापूरच्या शाखेत, तर तक्रार कुठे? याचे उत्तर सरळ आहे. १९३० हा देशभर एकच क्रमांक आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकून परत फिरू नका. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे. तक्रार कन्नडमध्ये लिहायची अडचण असेल तर मंडळाच्या कार्यालयात या, आम्ही मदत करू.

फसवणारा दूरच असतो असे नाही

असे लोक कुठेतरी परदेशात बसलेले असतात, असा आपला समज असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव शहर पोलिसांनी आझमनगर भागात चालणारे एक बनावट कॉल सेंटर उघडकीला आणले आणि ३३ जणांना अटक केली. अमेरिकेतल्या नागरिकांना फोनवरून फसवण्याचे काम तिथून चालत असल्याचे पोलिसांनी सांगितले. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्या शेजारच्या आजी-आजोबांना घाबरवणारा आवाज आपल्या बेळगावातून जात असू शकतो, हे कळल्यावर मान खाली गेली.

त्याच वर्षी मार्चमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याने ‘डिजिटल अटके’च्या धमक्यांखाली पन्नास लाखांहून अधिक रुपये गमावले आणि शेवटी जीवन संपवले. तो प्रकार ब्राउझरचा नव्हता, फोनवरच्या धमकीचा होता. पण दोन्हींत फसवणाऱ्याला एकाच गोष्टीची मदत होते : फसलेला माणूस कोणाला सांगत नाही. लाज वाटते, मुले रागावतील असे वाटते, आणि तेवढ्या वेळात उरलेले पैसेही जातात. मुलांना आमची विनंती आहे की आई-वडिलांचा असा फोन आला तर पहिले वाक्य ‘तुम्ही असं कसं केलंत?’ हे नसावे. ‘बरं झालं सांगितलंत’ हे असावे.

मंडळाने स्वतः काय करायचे?

शेवटी आमच्याकडेच वळतो. जे संकेतस्थळ आपण फोडले गेले म्हणतो, ते उद्या आपलेही असू शकते. आपल्या भागातल्या किती संस्थांची संकेतस्थळे कोणा उत्साही तरुणाने पाच-सात वर्षांपूर्वी बनवली आणि तो आता पुण्याला नोकरीला गेला? पासवर्ड कोणाकडे आहे, हेही अनेक ठिकाणी ठाऊक नसते. सभासद आपल्या पानावर विश्वासाने येतात. त्या विश्वासाचा वापर करून कोणी त्यांचे खाते रिकामे केले, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणून मंडळाला हात झटकता येणार नाहीत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवल्या आहेत. संकेतस्थळाची जबाबदारी दोन नावांनिशी ठरवणे. दर महिन्याला वर्डप्रेस आणि प्लगइन अद्ययावत करून न लागणारी काढून टाकणे. प्रवेशाला पासवर्डसोबत दुसरी पायरी लावणे. आणि एखाद्या सभासदाने ‘तुमच्या पानावर काहीतरी विचित्र दिसले’ असे कळवले, तर आम्हाला दिसत नाही म्हणून त्याला खोटे न ठरवणे. असे काही दिसले तर पडद्याचा फोटो काढून लगेच कळवा. मोबाइलने काढलेला साधा फोटोही पुरे.

इतर मंडळांनी, वाचनालयांनी आणि पतसंस्थांनीही आपापल्या ठिकाणी हे करावे. संमेलनाच्या आधी किंवा हळदीकुंकवाच्या दिवशी अर्धा तास काढून शाळा-कॉलेजच्या मुलांनी मोठ्यांना ते तीन ठिपके आणि खऱ्या अपडेटची जागा दाखवावी. आमच्या कार्यालयातला संगणक वाचला तो अकरावीतल्या एका मुलीमुळे. अशी एक तरी मुलगी किंवा मुलगा आपल्या प्रत्येक घरात आहे. त्यांना विचारायला संकोच करू नये.